अंगठ्याला कळत होतं तोवर

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. इंग्रजीत मला फाईल म्हणतात. माझ्या दातांत गंज बसलाय आणि मला आता फारसं काही वाटत नाही. हे रडगाणं नव्हे; आहे ते सांगते.

कारखान्यात माझ्या अंगभर दाते पाडले आणि मी बाजारातल्या एका किल्लीवाल्याच्या हाती आले. दुकान केवढं, तर माणूस आत बसला की गिऱ्हाईक बाहेर! किल्ली शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायची, पितळेचा कीस अडकू नये म्हणून माझ्या दातांना खडू फासायचा आणि घासायला लागायचं. मग तो डोळे मिटून किल्लीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. खरखर लागली की "अजून बोलतेय इथे," म्हणायचा आणि पुन्हा दोन हात मारायचा. त्याची किल्ली कधी परत आली नाही. लोक त्याची तारीफ करायचे आणि मी फुशारायचे, खोटं कशाला बोलू?

त्याची लेक शाळा सुटली की दुकानातच अभ्यासाला बसायची. एकदा शब्दकोश उघडून म्हणाली, "बाबा, फाईल दोन आहेत. कागदांची फाईल दोऱ्यावरून आलीय. पूर्वी म्हणे कागद दोऱ्यात ओवून ठेवायचे. आपली फाईल निराळी, तिचं मूळ फार जुनं, घासायच्या हत्याराचंच."

"म्हणजे नुसत्या आडनावबंधू, सोयरीक काही नाही!" तो हसला. "बरंच झालं. कागदांशी आपलं कधी जमलं नाही."

वर्षं गेली. लेक नोकरीला लागली. आणि किल्ल्या परत येऊ लागल्या. "लागत नाही हो," गिऱ्हाईक म्हणायचं. तो मला उलटसुलट करून सांगायचा, "कानस गेली कामातून." अहो, माझे दाते तेव्हा शाबूत होते! मुंग्या त्याच्या बोटांना येत होत्या. तो हात झटकायचा आणि कुणाला बोलायचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! लेकीने नवी कानस आणून दिली. मी ओलसर खणात पडले. सुरुवातीला वाईट वाटलं, मग तेही वाटेनासं झालं.

नव्या कानसेनेही किल्ल्या परत आल्याच. एका दुपारी लेक डबा घेऊन आली, तेव्हा तो डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत होता.

"बाबा, रक्त!"

"कुणाचं?" त्याने विचारलं.

लेकीने डबा टाकला आणि त्याचा अंगठा ओढणीत गुंडाळला.

दवाखान्यातून आल्यावर ती शेजारच्या शिंप्याला सांगत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुंग्या येत होत्या तेव्हाच का नाही आलात? बाबा म्हणाले, दुखत नव्हतं. त्यावर बाई म्हणाल्या, बोटांतली गेलेली जाणीव आता परत येणार नाही, उरलेली जपायची.

त्याची दवाखान्याची फाईल माझ्या खणावरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेली असते. सुट्टीच्या दिवशी लेक किल्ल्या घासते. तिने कडेवरून अंगठा फिरवला की तो विचारतो, "बोलतेय का गं?" ती सांगेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहतो.

मित्रांनो, हत्यारं कोरडी ठेवा, एवढं माझ्यापुरतं. पण तुमच्या घरातल्या राबणाऱ्या हातांना "दुखतंय का?" एवढंच विचारून थांबू नका, ते "नाही" म्हणतील, आणि ते खरंही असेल. त्यांचं बोट हातात धरा आणि विचारा, "कळतंय का?"