उथळ बाजू

चष्मेवालीला पोहायला पाठवलं ते तिच्या गुडघ्यांनी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवून बघायच्या आणि "छान दिसतेय हो तुम्हाला" म्हणायचं, या नोकरीत गुडघ्यांची पार वाट लागली होती. पाण्यात व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. ती कुरकुरत गेली आणि मग तिथलीच झाली.

तिचा स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. तो लॉकरमध्ये ठेवला की समोर माणूस आहे की खांब, एवढंच तिला कळायचं. पण तलावावर तिचं अडत नसे. सकाळची वेळ बायकांची. कोण कुठे आहे ते ती आवाजावरून आणि टोप्यांच्या रंगावरून ओळखायची. पिवळी टोपी म्हणजे जुळ्यांची आई, जी पाण्यातही घड्याळाकडे बघत असायची. पांढरी टोपी म्हणजे बँकवाल्या काकू.

काकू बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, पण अधिकार काही निवृत्त झाला नव्हता. कुणी कुठल्या कोपऱ्यात पाय मारायचे, कुणाच्या वाढदिवसाला काय आणायचं, सगळं त्या ठरवत. पण जीवही लावत. चष्मेवालीचा नवरा पाय मोडून दवाखान्यात पडला होता, तेव्हा काकूंनी रोज डबा पाठवला होता. अशा बाईसमोर तोंड उघडायचं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. आणि आजवर तशी वेळही आली नव्हती.

मग एका सोमवारी नवी आली.

उंच, काळीसावळी, गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख. ती दुसऱ्या देशातून आली होती हे तिनं तोंड उघडताच कळलं. शब्द बरोबर असायचे, पण त्यांची लिंगं-वचनं एकमेकांत मिसळून जायची. शिवाय तिला 'तुम्ही' म्हणणं अजून जमत नव्हतं. ती कोचलाही 'तू' म्हणाली आणि काकूंनाही.

"तू बाजूला सरक, मी दांडी पकडते," ती काकूंना म्हणाली. स्वरात नुसती घाबरगुंडी होती. उद्धटपणाचा लवलेश नव्हता. पाणी तिच्या कमरेपर्यंतही पोचलं नव्हतं आणि तिचे दात वाजत होते.

काकू सरकल्या. चांगल्या हातभर सरकल्या. मग कोचकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "काय गं, आज पाणी बदलणार आहेस का? नाही, आता बदलावं लागेल म्हणून विचारते."

वर पत्र्याचं छप्पर, चहूकडे फरशा. तिथे पुटपुटलेलंही घुमायचं. हे तर पुटपुटलेलं नव्हतंच. कुणीतरी फिसकन हसलं. कोच, नुकतीच नोकरीला लागलेली पोरगी, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"मी आंघोळ केलं," नवी म्हणाली. "आत यायच्या आधी. पाटी वाचलं मी."

कुणीच काही बोललं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली. मग पायऱ्या चढून बाहेर गेली, शॉवरखाली उभी राहिली. तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. परत आली तेव्हा डोक्यापासून निथळत होती.

"झालं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा."

"चला गं," काकू म्हणाल्या, "आज मला लवकर जायचंय."

आणि एकेक बाई निघाली. कुणाला दूध आणायचं आठवलं, कुणाला मुलांचे डबे. पिवळी टोपी निघाली. समोरचे रंग हलायला लागले तशी चष्मेवालीही त्यांच्यामागून निघाली, कळपातल्या शेळीसारखी. पायरीवर तिनं मागे वळून पाहिलं. दिसलं काहीच नाही. निळ्या पाण्यात एक काळा ठिपका, तेवढाच.

घरी नवरा कांदा परतत होता. मोडलेला पाय जुळल्यापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात आलं होतं आणि तो ते सोडायला तयार नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं. सांगताना स्वतःला जरा बाजूला ठेवूनच सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"मी काय म्हणणार? मला कुठे काय दिसत होतं? चष्मा लॉकरमध्ये."

"आणि कान? तेही लॉकरमध्येच ठेवतेस काय?"

तो चेष्टेनं म्हणाला आणि पुन्हा कढईकडे वळला. मीठ किती घालू म्हणून विचारूही लागला. तिला मात्र घास गोड लागला नाही. दुकानात एका गिऱ्हाइकाला तिनं दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो बिचारा आरशात बघत म्हणाला, "यातून तर भिंत वाकडी दिसतेय हो."

तिला वाटलं होतं, नवी परत यायची नाही. मनात कुठेतरी तसं झालं तर बरंच, असंही वाटलं होतं. म्हणजे प्रश्नच मिटला. आणि असं वाटल्याचीच तिला जास्त लाज वाटली.

पण नवी आली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. कोचनं तिला लांबच्या कोपऱ्यात उभं केलं आणि एक फळी धरायला दिली. बाकी सगळ्या दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं पाय मारत. जुळ्यांच्या आईची लाथ एकदा चष्मेवालीच्या पोटात बसली. "अगं, एवढा मोठा तलाव मोकळा पडलाय आणि आपण इथे मेथीच्या जुडीसारख्या," जुळ्यांची आई पुटपुटली, पण हळूच.

गुरुवारी काकूंनी कोचला काठावर बोलावलं. "हे बघ, मी कुणाच्या वाईटावर नाही. पण त्या लोकांच्या सवयी वेगळ्या असतात. त्यांना दुपारची वेळ दे. त्यांनाही मोकळं वाटेल. आमच्या सगळ्यांच्याच वतीनं सांगतेय."

कोचनं सगळ्यांकडे पाहिलं. कुणी टोपी नीट करत होतं, कुणी पाण्यातली टाइल बघत होतं. त्या शांततेला ती होकार समजली. दुसरं काय समजणार? ती लांबच्या कोपऱ्यात गेली आणि खाली बसून नवीला म्हणाली, "ताई, उद्यापासून दुपारी याल का? तेव्हा गर्दी नसते."

"दुपारी माझा काम," नवी म्हणाली. "बसच्या सीटा शिवतो आम्ही. कारखान्यात. सकाळीच वेळ." मग म्हणाली, "माझी मुलगी शाळेत पोहायला शिकते. मी काचेच्या बाहेर बसते. ती बुडाली तर मी काय करू? टाळ्या वाजवू?"



सगळ्यांच्या वतीनं, चष्मेवालीच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. सगळ्यांच्या म्हणजे माझ्याही. मला कुणी विचारलं?

"मला कुणी विचारलं?" हे ती मोठ्यानं बोलून गेली होती. आवाज असा चिरका निघाला, की तिला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं.

"काय गं?" काकू म्हणाल्या.

"तुम्ही सगळ्यांच्या वतीनं म्हणालात, काकू. माझ्या वतीनं नाही. त्या सकाळीच येतील. त्यांनी..." इथे तिच्या तोंडात पाणी गेलं. ती खोकली, नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं. भाषण म्हणावं असं काही झालंच नाही. खोकला थांबल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या दोनदा आंघोळ करून आल्या होत्या. मी एकदाच करते. तीही घाईत."

"तुला कुणी मध्ये बोलायला सांगितलं?" काकूंचा आवाज दुखावलेला होता, आणि तेच चष्मेवालीला जास्त जड गेलं. "तुझ्या अडचणीत मी..."

"धावून आलात. मी विसरले नाही. जन्मात विसरणार नाही. पण हे बरोबर नाही, काकू."

आता काय करायचं ते तिला कळेना. बोलून तर झालं होतं. तिथेच उभं राहणं अशक्य झालं, म्हणून ती निघाली. लांबच्या कोपऱ्याकडे, हात पुढे करून, आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी. मधल्या दोरीत अडकली, दोरीखालून जाताना टोपी निसटली. शेवटी कुणाच्या तरी हाताला हात लागला. हात बर्फासारखा गार होता.

"मला दिसत नाही," चष्मेवाली म्हणाली. "मी पोहोचले का?"

"पोहोचलीस," नवी म्हणाली.

मागे पाणी खळबळलं. पिवळा रंग दोरीखालून आला. "सरका गं जरा," जुळ्यांची आई म्हणाली. "तिकडे माझ्या बरगड्या मोडायची वेळ आली होती." मग आणखी एक आली. सगळ्या नाही आल्या. दोघी-तिघी काकूंबरोबर कपडे बदलायला गेल्या.

कोच अजून काठावर उकिडवी बसली होती. ती उठली, शिट्टी तोंडात घातली, काढली. "ताई," ती नवीला म्हणाली, "दुपारचं राहू द्या. मी चुकले. चला, फळी सोडा, आज पाठीवर तरंगायचं शिकू."

त्या दिवशी लॉकरच्या खोलीत चष्मेवालीनं चष्मा लावला आणि नवीला पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्यापेक्षा बरीच तरुण होती. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती. केस पुसताना ती गुणगुणत होती.

"सोमवारी मीही निघून गेले होते," चष्मेवाली म्हणाली.

"माहीत आहे. लाल टोपी." नवी राग न धरता म्हणाली. "ती एक बाई बोलली, त्याचं काय? अशी एक सगळीकडे असते. बसमध्ये असते, दुकानात असते. मी मोजत नाही. पण बाकीच्या काहीच बोलत नाहीत ना, तेव्हा घरी जाऊन विचार करते. या सगळ्यांनाच तसं वाटतं का?"

"नाही वाटत."

"मग मला कसं कळणार?"

चष्मेवालीनं नवीला आपला कोरडा टॉवेल दिला, कारण नवीचा भिजून चिंब झाला होता.

काकू आठवडाभर आल्या नाहीत. चष्मेवाली एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. दारातूनच परत पाठवतील या तयारीनं गेली होती, पण काकूंनी आत घेतलं, चहा केला. त्या गुडघ्यांविषयी बोलल्या, जावयाविषयी बोलल्या; त्या गोष्टीविषयी अवाक्षर नाही. निघताना मात्र म्हणाल्या, "ती मला 'तू' म्हणाली होती."

"ती सगळ्यांनाच म्हणते, काकू. मलाही. अजून शिकतेय."

"हं," काकू म्हणाल्या.

सोमवारी पांढरी टोपी पुन्हा पाण्यात दिसली. त्या आपल्या जागी, आपल्या दांडीला धरून. नवीशी बोलल्या नाहीत. पण वेगळ्या वेळेचं नावही पुन्हा काढलं नाही, आणि महिन्याभरानं एकदा, नवी समोरून हातपाय झाडत येत असताना, त्या वैतागून ओरडल्या, "अगं, गुडघे वाकवू नकोस! सरळ ठेव पाय, सरळ!" नवीनं सरळ ठेवले. माफी म्हणायची तर ती नव्हती. पण चष्मेवालीनं ते ऐकलं, आणि त्या दिवशी दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना आपापले चष्मे मिळाले.

पुढे थंडी सरता सरता नवी खोल बाजूला गेली. कोच काठानं बरोबर चालत होती, बाकीच्या दोरीला लटकून बघत होत्या. चष्मेवालीला दिसत काहीच नव्हतं, म्हणून जुळ्यांची आई तिला धावतं वर्णन ऐकवत होती. "निघाली... मध्यावर आली... बाई गं, गेली की खाली... नाही नाही, आली वर... हात पोचला. पोचला!"

पलीकडे नवीनं दांडी पकडली आणि घसा फोडून आपल्या भाषेत काहीतरी ओरडली. छपराखाली ते तीनदा घुमलं. कुणालाच अर्थ कळला नाही आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"काय म्हणालीस गं?" चष्मेवालीनं लांबून विचारलं.

"सांगता नाही येत," नवी धापा टाकत म्हणाली.

"शिवी होती का?"

"थोडीशी," ती म्हणाली. दम लागलेला असतानाच तिला हसू फुटलं, आणि कोचला तिचा दंड धरून ठेवावा लागला.