माझी सवत ‘आलेच, मॅडम!’

मित्रांनो, मी एक जुनी अभिप्रायवही आहे आणि जळकुकडी आहे. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. आपली गोष्ट सांगताना सगळे आपलं कष्टाळूपण तेवढं पुढे करतात. मला ते जमणार नाही, कारण माझ्या गोष्टीत कष्ट दुसऱ्यांचे आणि जळफळाट माझा आहे.

माझा जन्म कर्जतच्या बाजारात, बुधाजी बाइंडरच्या दुकानात झाला. दोनशे रेघी पानं, जाड पुठ्ठा आणि पाठीला निळं कापड. बुधाजीनं मला खळ लावून दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं, म्हणून माझा कणा अजून ताठ आहे. तिथून मी दहिवलीच्या वाचनालयात आले. ग्रंथपाल नाजनीन हिनं माझ्या कव्हरवर सुरेख तिरप्या अक्षरात ‘वाचकांचे अभिप्राय’ असं लिहिलं आणि आत चार रकाने आखले. तारीख आणि पुस्तकाचं नाव ती लिहायची. अभिप्राय वाचकानं लिहायचा आणि सही करायची. दुपारी कुणी नसलं की ती मला उघडून वाचत बसे. माझे ते सुखाचे दिवस होते.

वाचनालयाचे कार्यवाह होते आबाजी. खालापूरला एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी जन्म काढला होता. खालचा माणूस मसुदा लिहून आणणार आणि आपण तो लाल पेनानं रंगवणार, ही सवय निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती. दर गुरुवारी ते यायचे, खुर्ची पुढे ओढायचे, लाल पेनाचं टोपण काढायचे आणि माझ्यातले अभिप्राय तपासायचे.

पहिल्याच महिन्यात सोनाबाईंनी माझ्यात लिहिलं होतं, ‘पुस्तक लय आवाडलं. यातली आय माज्या आयवानीच हाय.’ सोनाबाई कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाक आणि साफसफाई करायच्या. ते वाक्य वाचून नाजनीनचे डोळे भरून आले होते. गुरुवारी आबाजींनी ‘लय’ खोडून ‘खूप’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’ केलं आणि बाजूला शेरा मारला, ‘शुद्ध लिहावे.’ पुढच्या खेपेला सोनाबाईंनी तो लाल चिखल पाहिला. त्या दिवसापासून त्यांचा अभिप्राय एकच: ‘छान आहे.’

बघता बघता सगळ्यांनीच हे उचललं. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, भुताच्या गोष्टी असोत, माझ्यात आपलं ‘छान आहे’, ‘छान आहे’, ‘आवडले’. लाल शाई लागायची बंद झाली आणि आबाजी खूश झाले. खरं सांगते, मीही खूश होते. महिनोन्‌महिने एकही खाडाखोड नाही, अशी वही दुसरी कुठे असेल, असं म्हणत मी कपाटावर मिरवत होते.

आणि मग ती आली. ‘आलेच, मॅडम!’

चकचकीत पिवळं कव्हर, त्यावर उंच टाचेची चप्पल. मुंबईतल्या एका ऑफिसात लागलेल्या मुलीची ही कादंबरी होती. तिची मॅडम पहाटे फोन करते, एकच पत्र अकरा वेळा लिहून घेते, चहात साखर अर्धा चमचा जास्त पडली तर कप परत पाठवते. मुलगी प्रत्येक वेळी धावत जाते आणि म्हणते, ‘आलेच, मॅडम!’ आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या डोक्यावर कुणीतरी साहेब नाहीतर मॅडम बसलेलीच. कुणी फार्महाऊसवर, कुणी खालापूरकडच्या कारखान्यात. पुस्तकावर उड्या पडल्या. नाजनीनला नंबर लावून ठेवायला भिंतीवर वेगळा कागद चिकटवावा लागला.

मला वाटलं, आता आपले दिवस आले! एवढे वाचक म्हणजे एवढे अभिप्राय. मी पानं सावरून वाट पाहत बसले. तेवीस जणांनी पुस्तक परत केलं आणि तेवीस जणांनी लिहिलं, ‘छान आहे.’

एकदा नाजनीन त्या कादंबरीला माझ्याच अंगावर उघडी ठेवून पाणी प्यायला गेली. पंख्याच्या वाऱ्यानं तिची पानं फडफडली आणि माझे डोळेच फिरले. तिच्या समासात पेन्सिलीनं गच्च लिहिलेलं होतं!

नवव्या पानावर सोनाबाईंचं अक्षर. ‘आमची मॅडम शनवारी येती. चादरी बदलल्या तरी नाक लावून वास घेती. मंग सोताच लोळती.’ खाली कारखान्यातल्या साईराजचं. ‘आमच्याकडं संडासला जायाला पन पास लागतो. आत बसून पन मानूस घड्याळ बगतो.’ त्याखाली तिसऱ्याचंच. ‘मॅडमचं काय चुकलं? काम नीट केलं असतं तर वरडली नसती.’ त्याला बाण काढून कुणीतरी विचारलेलं, ‘तू सुपरवायझर हायस का रं?’ आणि उत्तर, ‘नाय. बेकरीवाला मुझम्मिल हाय. माझ्याकडं कामाला असलेली दोन पोरं हे पुस्तक वाचल्यापासून मला मॅडम म्हनतात.’

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हसणं तिच्याकडे, भांडण तिच्याकडे, राग तिच्याकडे. सगळे ‘हाय’ तिच्या वाट्याला आणि माझ्या नशिबी फक्त ‘आहे’! अभिप्राय घेण्यासाठी जन्म माझा झालाय ना? मग ही सवत कुठून आली?

आणि एकशे बेचाळिसाव्या पानावर तर माझं काळीजच फाटलं. तिथे बारीक, तिरपं अक्षर होतं. ‘माझे साहेब ओरडत नाहीत. नुसतं लाल पेनाचं टोपण काढतात. तेवढ्यानंच मी खुर्चीतून उठून उभी राहते.’

माझ्या पानापानावर तारखा घालणारं ते अक्षर मी ओळखणार नाही? माझी नाजनीनसुद्धा तिच्याचकडे गेली होती. पाच वर्षं मी तिच्या मांडीवर वाढले, आणि मनातली गोष्ट सांगायला तिला ती पिवळी भवानी सापडली. त्या क्षणी मी मनापासून चिंतलं, हिचं वाटोळं होवो.

आणि गुरुवार उजाडला.

मला उचलायचं म्हणून आबाजींनी वरची कादंबरी बाजूला केली, आणि ती नेमकी समासातल्या मजकुरावर उघडली. ते दोन पानं वाचत उभे राहिले.

“नाजनीनबाई, हे काय आहे? ग्रंथाची ही विटंबना कुणी केली?”

“माहीत नाही, साहेब.” तिचा आवाज बारीक झाला होता.

“माहीत करून घेऊ. अभिप्रायवहीत सगळ्यांच्या सह्या आहेत. अक्षर जुळवा. एकेकाचं सभासदत्व रद्द करतो.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी माझ्यावाचून अडलंच ना? टेबलावर मला त्या सवतीशेजारी उघडून ठेवलं. मी अंग चोरलं नाही. एरवी चिकटून बसणारी माझी पानं मी त्या दिवशी भराभरा सुटी करून दिली. घ्या, हा सोनाबाईंचा ‘छ’. घ्या, ही मुझम्मिलची सही.

सोनाबाई त्याच वेळी पुस्तक बदलायला आल्या होत्या. आबाजींनी कागदावर पहिलं नाव त्यांचंच लिहिलं.

“सोनाबाई, हे तुमचं अक्षर ना?”

“माजंच हाय,” सोनाबाई म्हणाल्या. “पन सायेब, पुस्तकात लिवलं म्हनून मानसाला काडून टाकतात का? तुमच्या वहीत लिवलं तवा तुमी खोडलं. मंग आमी बोलायचं कुटं?”

“नियम म्हणजे नियम.” आबाजी पान उलटत राहिले. साईराज सापडला, मुझम्मिल सापडला. पानं पुढे पुढे सरकत होती. शंभर, एकशे वीस, एकशे तीस. नाजनीनच्या कपाळावर घाम आला होता, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे काय येणार होतं ते मला माहीत होतं. नाजनीनच्या अक्षरातला तारखांचा रकाना माझ्यातच होता. मी पानं मिटायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्यावर आबाजींचा हात होता.

“साहेब,” नाजनीन एकदम म्हणाली, “ते सगळं मीच लिहिलंय.”

“इतकी वेगवेगळी अक्षरं तुमची एकटीची?” आबाजींनी पान उलटलं आणि ते थांबले. एकशे बेचाळीस. त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग माझ्या तारखांवरून बोट फिरवलं आणि चष्मा काढून ठेवला.

“हे मात्र तुमचंच आहे,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. वाटलं, आता ते काही वेगळं बोलतील. पण माणसानं जन्मभर वापरलेली वाट ऐनवेळी सुटत नाही. “ग्रंथपालानंच पुस्तक खराब केलं, तर मी सभासदांना काय तोंडानं बोलू? उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” नाजनीन म्हणाली. “मी जाते. पण मग तो नावांचा कागद फाडा. माझ्यावरच भागवा, साहेब.”

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. कागद मात्र फाडला.

“नाजनीन, असं करू नको गं,” सोनाबाई म्हणाल्या. तिनं त्यांच्या हातात त्यांचं पुस्तक ठेवलं, नोंद केली आणि किल्ल्या टेबलावर काढल्या.

जाण्यापूर्वी तिनं मला जवळ ओढलं. तारीख घातली, पुस्तकाचं नाव लिहिलं. आजवर ती इथेच थांबायची. त्या दिवशी तिनं तिसऱ्या रकान्यातही लिहिलं, आबाजींच्या देखत:

‘ही कादंबरी मी तीनदा वाचली. शेवटी नायिका नोकरी सोडते आणि तिला मोकळं मोकळं वाटतं. ते मला खरं वाटलं नाही. मला रडू येतंय. मॅडम कितीही वाईट असली, तरी त्या मुलीचा तिच्या टेबलावर, तिच्या कपाटावर जीव असणारच ना? लेखिकेनं ते लिहायला हवं होतं. बाकी सगळं पटलं.’

आणि चौथ्या रकान्यात सही केली. पूर्ण नावानिशी.

मित्रांनो, दोनशे पानांच्या आयुष्यात मला मिळालेला, न खोडला गेलेला हा एकमेव खरा अभिप्राय. यासाठीच तर मी जळत होते. तो मिळाला, आणि दुपारी मला उघडून वाचणारी गेली.

‘आलेच, मॅडम!’ आजही हातोहात फिरते. तिचा समास भरला, आता लोक चिठ्ठ्या ठेवतात. मला तिचा राग येत नाही, म्हणजे थोडा येतो, पण पूर्वीसारखा नाही. गुरुवारी आबाजी मला उघडतात, नाजनीनच्या पानापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. त्या पानापुढे कुणी काही लिहिलेलं नाही.

तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी वही असेल. तिच्यात मनातलं लिहा, जसं बोलता तसं लिहा, आणि दुसऱ्यानं लिहिलेलं आधी समजून घ्या. माझी तुम्हाला दुसरीही एक विनंती आहे. नाजनीन आता शेलूला, नव्या इमारतींमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात बसते. कुणी तिकडे गेलात तर तिला भेटा. सांगा, त्या दिवशी अक्षर जुळवायला पानं उघडून दिली ती मीच. मला इथून हलता येत नाही, म्हणून माफी तुम्ही मागा.