बिघडलेल्या मुलांचे तज्ज्ञ

सरांचा अभ्यासाचा विषय एकच, पुस्तकांतली बिघडलेली मुलं. चौदा ते अठरा वयाची, घरच्यांवर डाफरणारी, दारं आपटणारी, पळून जाणारी, नाहीतर बोलणंच सोडून देणारी. अशी सदतीस मुलंमुली त्यांनी एका भल्यामोठ्या तक्त्यात मांडली होती. रागीट डावीकडे, अबोल उजवीकडे. कोण कुणापेक्षा जास्त दुःखी, यावर त्यांचं पुस्तक येणार होतं. गेली नऊ वर्षं ते येणारच होतं.

घरात खरीखुरी सोळा वर्षांची मुलगी होती. ती एकदा नापास होऊन रडत आली, तेव्हा सर उत्साहाने म्हणाले, "अगं, हे तर काहीच नाही! माझा अकरावा मुलगा शाळेलाच आग लावतो." पुढे जिवाभावाच्या मैत्रिणीने बोलणं टाकलं, तेव्हा सरांनी तिच्याहून दुःखी अशा दोघी जणी तिला ऐकवल्या, अगदी सविस्तर. त्यानंतर मुलगी काही सांगायला आली नाही. चला, पोर सावरली, असं सरांना वाटलं. समजूत काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही!

त्या आठवड्यात कॉलेजच्या कथास्पर्धेच्या कथा तपासायला त्यांच्याकडे आल्या होत्या. पक्षपात नको म्हणून कथांवर नावं नव्हती. शनिवारी सकाळी गठ्ठ्यावर सगळ्यात वर हाताने लिहिलेली दोन पानं होती. सुरुवातीलाच 'बाबा' असं लिहिलेलं. सरांनी लाल पेन उघडलं. कथेतली मुलगी म्हणत होती, जगातल्या सगळ्या मुलांचं दुःख तुम्हाला कळतं, पण मला तुम्ही एक वाक्य पुरं करू देत नाही. मी मावशीकडे राहायला जातेय, कायमची. रविवारी दुपारपर्यंत थांबवलंत तर थांबेन.

सरांनी समासात लिहिलं, 'पत्राची कल्पना जुनी. वडिलांचं पात्र अतिरंजित, इतका बथ्थड बाप असू शकत नाही. शेवट पटत नाही. ही मुलगी घर सोडणार नाही, नुसती धमकी आहे.' दहापैकी साडेचार गुण दिले, चहा प्यायले आणि पुढची कथा घेतली.

रविवारी अकराच्या सुमाराला बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, तिचं पत्र वाचलंत का?"

"कुठलं पत्र?"

"तुमच्या टेबलावर ठेवलं होतं तिने. म्हणाली, तिथे ठेवलं तरच बाबा वाचतील. बॅग भरून झालीय तिची. बारा वाजता गाडी येतेय."

सरांना कालची, 'बाबा'ने सुरू होणारी दोन पानं आठवली. त्यांनी गठ्ठा उपसला, पण ती दोन पानं त्यात नव्हती. म्हणजे तिने ती उचलली होती, शेऱ्यांसकट. तिचं अक्षर त्यांनी शेवटचं पाहिलं ते चौथीत. वा रे तज्ज्ञ! सदतीस जणांच्या मनाचा थांग लावणारा माणूस, आणि पोटच्या पोरीचं अक्षर ओळखता येऊ नये? आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

मुलगी तिच्या खोलीत पलंगावर बसली होती, पानं मांडीवर. डोळे सुजलेले.

"साडेचार, बाबा?"

"अगं, त्या एकोणिसाव्या मुलीच्या बाबतीत..." सरांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"बोला ना. काय करते एकोणिसावी?"

"घर सोडते."

"आणि तिचे बाबा काय करतात?"

सरांनी आठवून पाहिलं. तक्त्यात रागाला रकाना होता, अबोल्याला होता, पळून जाण्याला तर दोन होते. बापांना एकही नव्हता. "माहीत नाही गं," ते म्हणाले. "मी बघितलंच नाही."

"वाटलंच मला."

सर तिच्या बॅगेशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. "जाऊ नकोस," ते म्हणाले. "मी बथ्थड आहे, कबूल. पण तू गेलीस तर मला सहन होणार नाही."

"हे काल म्हणायचं होतं."

"काल मी शेरे मारत होतो."

तिला हसू फुटलं आणि लगेच रडूही. नाक पुसून ती म्हणाली, "मी सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. कुणाचं उदाहरण द्यायचं नाही."

"नाही देत."

ती नापास झाली त्या दिवसापासून तिने सुरुवात केली. सरांच्या ओठांवर तीनदा तक्त्यातलं कोणीतरी आलं, एकदा तर फारच चपखल, आणि तीनही वेळा त्यांनी ते गिळलं. खाली हॉर्न वाजला. मुलीचं बोलणं अडखळलं, तिने बॅगेकडे पाहिलं. सरांनी तोंड उघडलं नाही, नुसता तिचा हात धरून ठेवला. तिने तो सोडवून घेतला नाही, आणि पुढे सांगायला लागली. बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. ती खिडकीतून ड्रायव्हरला सांगत होती, "तुम्ही निघा भाऊ, आज कोणी येत नाहीये."