टकटकबाई

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही एका अशिलाच्या घरी गेलो होतो. आई मुलांच्या ताब्याचे दावे चालवायची आणि मी तिच्याच ऑफिसात, तिच्या हाताखाली वकिली करत होते. "ताबा घराचा घ्यावा, जमिनीचा घ्यावा. पोरांचा कसला ताबा घेताय?" असं ती अशिलांना पहिल्याच भेटीत सुनवायची आणि मग त्याच शब्दाचा अर्ज टाइप करायला मला बसवायची.

तिची एक अट असे. मूल ज्या खोलीत झोपतं त्या खोलीत, मूल घरी नसताना, ती एकदा दार लावून बसणार. बाहेर स्वयंपाकघरात आईबापांनी एकमेकांशी बोलायचं, रोज बोलतात तसंच. जे वाक्य तिला आत स्पष्ट ऐकू येईल त्याला ती भिंतीवर बोटाच्या पेरानं एकदा ठोकायची. बस्स, एवढंच. बहुतेक जोडपी आवाज खाली खाली आणत जायची, पण ठोकणं काही थांबायचं नाही. बाहेर आल्यावर ती उपदेश करत नसे. पाणी मागायची, ते सावकाश प्यायची आणि म्हणायची, "चला, आता वेळापत्रकाचं बोलू या." कोर्टात तिला टकटकबाई म्हणत. समोरच्या बाजूचे वकील कुरकुरत का होईना, आपल्या अशिलाला तिच्यासमोर बसू देत. त्यानंतर पुष्कळ भांडणं न्यायाधीशांपर्यंत जातच नसत, हे त्यांनाही माहीत होतं.

त्या दिवशीचं जोडपं म्हणजे एक दातांची डॉक्टर आणि एक पूल बांधणारा इंजिनियर. डॉक्टर आमची अशील. त्यांना सात वर्षांची एक मुलगी होती, घरात तिला भिंगरी म्हणत. दोघं अजून एकाच फ्लॅटमध्ये राहत होती, कारण जो आधी घराबाहेर पडेल त्याची बाजू लंगडी होते असं दोघांनाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं. पुढच्या तारखेला न्यायाधीश भिंगरीला आपल्या खोलीत बोलावून विचारणार होते, तुला कुणाकडे राहायचंय? ते टाळायचं तर त्याआधी समजुतीच्या मसुद्यावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. इंजिनियर ऐकत नव्हता.

"विचारू दे की तिला," तो म्हणाला. "आम्ही तिच्यासमोर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही. झोपली की मगच काय ते बोलतो. ती स्वतः सांगते, मला काही ऐकू येत नाही म्हणून."

आई आत गेली. दार लागलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"लाइटबिल भरलंस?" डॉक्टरनं विचारलं.

टक.

"भरलं. तू थोडीच भरणार होतीस."

टक.

"झालं का सुरू?"

टक.

इंजिनियर हसला. "वकीलबाईंचे कान आहेत की घुबडाचे!" त्यालाही टक आलं. मग तो ओठ न हलवल्यासारखं काहीतरी पुटपुटला, ते मला शेजारी उभं राहूनही कळलं नाही. आतून टक. शेवटी दोघं गप्प झाली. फ्रीज घुमत होता तोही थांबला.

टक.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "शेवटचं कोण बोललं?"

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"मी कशाला बोलू?"

तिनं पाणी मागितलं नाही. "पुन्हा येऊ आम्ही," म्हणाली आणि चपला घालू लागली.

 परतताना गाडीत ती म्हणाली, "तुझे बाबा आणि मी भांडायचो, तेव्हा तुला पलीकडे काही ऐकू यायचं का गं?"

हे ती दोनचार वर्षांतून एकदा विचारायचीच, काहीतरी दुसरं चाललेलं असताना, सहज आठवल्यासारखं.

"मी कुंभकर्ण होते. तूच तर सांगतेस सगळ्यांना."

"हो ना," आई म्हणाली. "कानाशी नगारे वाजले तरी ढिम्म."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं तपासायला आलेल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं.

कोर्टानं तारीख पुढे ढकलली. ती जवळ आली तेव्हा त्या फ्लॅटवर मी एकटी गेले. इंजिनियरनं दार उघडलं आणि माझ्यामागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं. सवयीनं पाहिलं असेल.

भिंगरी शाळेत होती. मी तिच्या खोलीत गेले, दार लावलं. पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून होता. भिंतीच्या फिक्या पिवळ्या रंगावर, उशीच्या जरा वर, हातावर मावेल एवढा एक तेलकट काळपट गोल डाग होता. मी पलंगावर पाय दुमडून बसले, पाठ वाकवून लहान झाले आणि त्या डागाला कान लावला. भिंत गार होती.

"ही पण आईसारखीच करणार वाटतं," इंजिनियरचा आवाज. अगदी कानात बोलल्यासारखा.

मी ठोकलं.

"शू. ऐकतेय ती."

मी ठोकलं.

मग ती दोघं गप्प झाली. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून एक बाई म्हणाली, "घेऊन जा तिला. मला नकोय ती. दोघंही जा इथून."

मी ठोकलं नाही. माझे दोन्ही हात मांडीवर होते, मला दिसत होते. ठोकलं गेलं ते माझ्या डोक्याशी, डागाच्या अगदी शेजारी, खोलीच्या आतल्या बाजूनं.

आवाज आईचा होता. मी कोर्टात ऐकलेला जाड, बसका आवाज नव्हे, तिच्या तिशीतला. वाक्यही माझ्या ओळखीचं होतं. मी भिंगरीएवढी असताना एका रात्री ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. त्याच आठवड्यात बाबा वेगळे राहायला गेले, एकटेच. ते वाक्य पुन्हा घरात कुणी उच्चारलं नाही. पुढे आईनं जमिनींचे दावे सोडले आणि मुलांचे घेऊ लागली. का, ते मी तिला विचारलं नाही.

म्हणजे त्या दिवशी आत बसून तिनंही हेच ऐकलं होतं.

मी पुष्कळ भुतांच्या गोष्टी वाचल्या आहेत. त्यांतली भुतं काहीतरी मागायला येतात. इथं कुणी काही मागत नव्हतं. कुणीतरी नुसतं ऐकत होतं. मी उठून दार उघडलं.

"आत्ता कोण बोललं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कुणी नाही," इंजिनियर म्हणाला. "पण तुम्ही ठोकलंत."

"सगळ्यांत जोरात," डॉक्टर म्हणाली.

"जरा आत या."

मी त्यांना तो डाग दाखवला. इंजिनियरनं त्यावर अंगठा घासून बघितला. "डोक्याचं तेल आहे. टेकून पुस्तक वाचते ती."

"बसून टेकलं तर डोकं इतक्या खाली येतं?" डॉक्टरनं विचारलं. "पूल बांधतोस ना रे तू? मग एवढंही कळत नाही?"

 एवढा धिप्पाड माणूस, पण पलंगावर गुडघे टेकून वाकला आणि डागाला कान लावला. हातानंच त्यानं तिला खूण केली, जा, बोल. ती स्वयंपाकघरात गेली. मला काही ऐकू आलं नाही. तो मात्र ऐकत होता. आधी त्याच्या भुवया वर गेल्या, मग त्यानं डोळे मिटून घेतले. मिटलेलेच राहिले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली, सांगणार नाही अशी.

डॉक्टर दारात येऊन उभी राहिली. "मी काही बोललेच नाही," ती म्हणाली. "काय बोलावं ते सुचेचना."

तो तिच्याकडे नाही, भिंतीकडे बघत राहिला. हळूहळू पलंगावरून खाली उतरला, भिंतीला पाठ लागणार नाही अशा बेतानं.

"तिला न्यायाधीशांच्या खोलीत नको न्यायला," तो म्हणाला. "सगळं ऐकलंय तिनं. कुणी काही विचारायला नको तिला. मसुदा आणलाय का तुम्ही?"

आणला होता. शाळेचे दिवस, सुट्ट्या, आजारपणात कुणी थांबायचं, हे सगळं आईनं आधीच लिहून ठेवलं होतं. इंजिनियरनं त्याच्या वकिलाला फोन लावून तो अख्खा वाचून दाखवला. रविवारच्या वेळेवरून दोघांचं थोडं वाजलं, पण आवाज खाली ठेवून, आणि मधेच दोघंही थांबून भिंतीकडे बघून घेत होती. मग सह्या झाल्या.

माझी पर्स आत राहिली होती. ती घ्यायला गेले आणि दार ओढून घेतलं. पर्स खांद्याला अडकवली तरी पाय निघेना. खोलीत कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

"आई," मी म्हणाले. आवाज मोठा ठेवला, पलीकडे गेला तर गेला. "मी झोपले नव्हते. त्या रात्री मी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घालताना तू ती तीनदा सोडून पुन्हा घातलीस, मला उठूच दिलं नाहीस. मला तेव्हाच कळलं होतं, आई. मी तुला हवी होते."