दवाखान्याच्या छपरावरचा पिवळा रंग

तुम्ही आम्हाला फसवलंत. चुकून नाही, समजून-उमजून. आमच्या छपरावरच्या त्या काळ्या सौर पत्र्यांच्या कागदावर ज्यानं सही केली, त्या खुर्चीतल्या माणसाला हे सांगतोय. नाव कळू दिलं नाहीत, नाहीतर नावानिशी सांगितलं असतं.

मी इओटेबा. प्रशांत महासागरातल्या किरिबास देशाच्या एका टोकाच्या बेटावर दवाखान्याचं वायरिंग, पंप, बॅटऱ्या बघतो. इथली घरं झावळ्यांनी शाकारलेली. मोठं पत्र्याचं छप्पर एकच, दवाखान्याचं. त्यावर पडलेला पाऊस टाकीत जातो आणि तेच सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी.

त्या छपरावर उन्हापासून वीज करणारे काळे पत्रे लावायला ऑस्ट्रेलियाहून लॅकलन नावाचा इंजिनिअर आला होता. आमचे बाकोआ आजोबा त्याला म्हणाले, "स्क्रू मारू नकोस रे बाबा. भोकातून थेंब वाया जातो. चिकटव." त्यानं चिकटवले. असे, की आता निघता निघत नाहीत.

"काळ्या थरात शिसं आहे," तो म्हणाला होता, "पण रंग काळा आहे तोवर ते बांधलेलं राहतं. त्याला लागून निकेलचा खनिज थर आहे. तो वीज बाहेर नेतो आणि पाणी ओढून घेत नाही."

मग पाऊसच दडी मारून बसला. टाकीत काठी घातली तर कोरडा ठणठण आवाज यायला लागला. विहिरीचं पाणी मचूळ झालं. आणि ज्या दिवशी पश्चिमेला आभाळ भरून आलं, सगळं गाव बादल्या घेऊन दवाखान्यापाशी जमलं, त्याच दिवशी मी वर चढलो आणि पाहिलं, पत्रे कडांपासून आतपर्यंत पिवळे पडले होते. पिकल्या पपईसारखे. फोटो लॅकलनला पाठवला. लगेच फोन आला.

"इओटेबा, पाऊस आहे का तिकडे?"

"आलाच समज."

"टाकीचा पाइप काप."

खाली नर्स रोटिया उभी होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"वेड लागलंय का याला?" ती ओरडली. "आत दोन बाळंतिणी आहेत. त्यांना काय समुद्र पाजू?"

"सिस्टर, ते पिवळं म्हणजे सुटं झालेलं शिसं आहे. पावसात विरघळेल," लॅकलन म्हणाला.

"पण तुझा निकेलचा थर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "खोक्यावर निकेल लिहिलं होतं. आतून दुसराच थर घातला. जुना, सेंद्रिय रसायनाचा. त्यात एक मीठ असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि त्यानं काळा थर मोडतो. प्रयोगशाळेतल्या कोरड्या डब्यात मोजलं तर तो जरा जास्त वीज दाखवतो. वरच्यांना अहवालात आकडा छान हवा होता. निकेलवाला जन्मभर टिकला असता असं नाही म्हणत मी, पण इतक्यात नसता गेला."

"कोरडा डबा!" रोटिया म्हणाली. "आमचं बेट काय कोरडा डबा आहे, मुडद्या?"

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"आधी पाइप काप," तो म्हणाला.

"खरवडून काढू?"

"नको. भुगा सगळ्या छपरावर पसरेल."

पहिले टपोरे थेंब पडले. मी करवत घेतली. बायका अंगावर धावून आल्या. "पाणीचोर! तू पोटात असताना तुझी आई काय प्यायली होती रे?" बाकोआ आजोबा मात्र पुढे आले. कापलेला पाइप त्यांनीच दोन्ही हातांनी धरून टाकीपासून बाजूला वळवला आणि पुटपुटले, "चिकटव मीच म्हणालो होतो."

पाऊस असा कोसळला, असा कोसळला! सगळं छपराचं पाणी पांढऱ्या वाळूत. लोकांनी झावळ्यांखाली बादल्या मांडल्या. काड्याकुड्यांचं लाल पाणी, तेवढंच हाती लागलं. टाकी रिकामी ती रिकामीच.

ओसरल्यावर रोटिया भिजलेल्या वाळूकडे बघत म्हणाली, "इओटेबा, हे पाणी गेलं कुठे?"

मी विहिरीकडे पाहिलं. आमच्या बेटाला माती नाही, दगड नाही. वाळूत मुरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगतो. तीच आमची विहीर. शेजारच्या खड्ड्यात आमचं बाबाई, म्हणजे अळकुडीसारखा आमचा खायचा कंद, त्याच पाण्यात वाढतं. उतार सरळ तिकडेच होता. मी टाकी शिशापासून वाचवली आणि ते शिसं विहिरीला पाजलं.

मी हे सगळं तुमच्या ऑफिसला कळवलं, त्यावर तुमचं उत्तर आलं: चौकशी चालू आहे, तोवर पत्र्यांना हात लावू नये. लॅकलन आता फोन उचलत नाही. रोटिया एका बाळंतिणीला नारळाचं पाणी देते, दुसरीला उकळलेलं विहिरीचं. उकळून शिसं जात नाही हे तिला माहीत आहे. नारळ पुरत नाहीत, हेही.

नुकसानभरपाई, सहानुभूती, नवं खोकं, यातलं काही मागत नाही. विहिरीच्या पाण्याची बाटली बोटीनं तुमच्याकडे पाठवलीय. तपासा. ती दुसरी बाळंतीण रोज ते पाणी पितेय आणि बाळाला अंगावर पाजतेय. तिनं ते प्यायचं की नाही? हो की नाही, एवढंच सांगा. आणि नाही म्हणालात, तर काय प्यायचं तेही सांगा.