आक्काचा धवला

आक्का जाऊन सात महिने झाले होते आणि टेमघरच्या घरात तिच्या नातीची, दिपालीची हळद होती. हळदीला धवला, बायकांचं लग्नगीत, हवाच. पण तो गाणारी धवलारीण होती आक्काच. चाळीस वर्षं तिने गावोगावच्या नवऱ्यामुलींचे धवले गायले. नातीचा तेवढा राहिला.

"बाहेरची बाई नको, आत्या," दिपाली म्हणाली. "आजीचाच आवाज लावू. सगळ्यांच्या फोनमध्ये आहे की."

म्हणून आक्काची लेक उन्नती चार दिवस सगळ्यांचे फोन धुंडाळत बसली. साठ-सत्तर व्हिडिओ निघाले. प्रत्येकात पुढे एक चेहरा, ओठांचा चंबू किंवा नवी नथ, आणि मागे कुठेतरी आक्काचा आवाज. पहिली ओळ संपते न संपते तोच व्हिडिओ संपे. शेवटी तिने स्वतःचा फोन उघडला. त्यात गाणं बरंच होतं. आक्काची चौथी ओळ झाली आणि उन्नतीचाच आवाज आला, "आई, मी नीट दिसतेय का यात?" आक्का गायची थांबली. "दिसतेस गो," म्हणाली. तिथेच संपलं.

उन्नतीने तो पुन्हा लावला नाही.

दिपालीने तोवर फोनमधल्या अ‍ॅपकडून एक गाणं करून घेतलं. नाव टाकलं की मिनिटात तयार. त्यात दिपाली अकरा वेळा होती, दुसरं कोणीच नव्हतं.

"नवरा पन न्हाय त्यान?" शेजारच्या जानकीबाईंनी विचारलं. "मंग लगीन कोनाशी लावताव गो?"

धवलारीण ओळ म्हणते, मागच्या बायका ती उचलतात. आक्काच्या मागे पहिला आवाज जन्मभर जानकीबाईंचा.

"मावशी, तुम्हाला तर सगळं पाठ असेल," उन्नती म्हणाली.

"पुढची ओल मना कधी लागलीच न्हाय. तुजी आय बोलायची, मी उचलायची. तू बोल, मी हाय."

दिपाली पाटावर बसली. उन्नतीचा गळा आईचा नव्हता. तरी तिने सुरुवात केली.

पयलं बोलावनं खाडीच्या देवाला
दुसरं बोलावनं येशीच्या आईला
तिसरं बोलावनं मांडवाच्या आंब्याला
चवथं बोलावनं पानी भरनारीला

पुढे काही नव्हतं. बायका थांबल्या. उन्नतीला आठवलं, हळदीच्या आदल्या दिवशी आक्का लग्नघराच्या आळीत दारोदार हिंडायची. तुझं नाव काय, सुनेचं काय? लहानपणी उन्नतीला या चौकशांची लाज वाटे. शेजारी यंत्रमाग खडखडत असत. त्यांच्यावर आवाज चढवून आक्का ती सगळी नावं गाई, आणि ज्या बाईचं नाव येई ती पदर सावरून बसे. पाचवी ओळ पाठ करायची नव्हतीच.

"पाचवं बोलावनं जानकीबाईला," उन्नती म्हणाली.

जानकीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना ती ओळ काही उचलता येईना. बाकीच्यांनी उचलली. मग ओळीत सईदा आली, मृणाली आली, समोरच्या दोघी जावा आल्या. आळी संपत आली तशी उन्नती अडखळली. वरच्या खोलीत चार वर्षं भाडेकरू होते. कठड्याशी त्यांच्यातली बाई उभी राहून ऐकत होती.

"हिचं नाव काय?"

कोणालाच माहीत नव्हतं.

हळद लागलेली नवरी पाटावरून उठत नाही. दिपालीने बसल्या जागी मान वर केली आणि मोठ्याने हाक मारली, "ओ भाभी, आपका नाम क्या है?"