कर्ण्यातून न येणारा आवाज

मी तिप्पण्णाची बेस गिटार बोलतेय. बोलतेय कसली, पुटपुटतेय म्हणा. माझा आवाजच मुळी खर्जातला.

परदेशी गिटारीचं चित्र पुढ्यात ठेवून कलकत्त्याच्या एका कारागिरानं मला घडवलं. तारा चारच, पण बोटांना घट्टे पाडणाऱ्या. चौऱ्याहत्तर साली तिप्पण्णानं मला सोलापूरला आणलं. दिवसा तो होटगीला रेल्वेत कामाला जायचा आणि संध्याकाळी मला गळ्यात अडकवून नागप्पाच्या ऑर्केस्ट्रात उभा राहायचा.

आमचं दुखणं एकच, मंडपवाल्याचे लोखंडी कर्णे. त्यांतून गाणारीचा आवाज पार पुढच्या पेठेत पोचायचा. माझा खर्ज मात्र त्यांना पेलतच नसे. दोन वर्षं मी जीव तोडून वाजले आणि लोकांना वाटलं, हा माणूस नुसता लाकूड घेऊन उभा राहतो.

एका रविवारी नागप्पा घरी आला. पुण्याचा एकजण माझ्या बदल्यात अकॉर्डियन द्यायला तयार होता.

"तिप्पण्णा, हिचा उपयोग काय सांग की. धून निघत न्हाय, लोकांना ऐकू येत न्हाय. बदलून टाक, न्हायतर मी दुसरा माणूस बघतो."

"अण्णा, सिनेमाचं गाणं घ्या, भजन घ्या, लावणी घ्या, कुठंबी चालती ही. घराचा पाया कुणाला दिसतो व्हय?"

"पाया बघायला तिकीट कोण काढतंय?"

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

"वाजवूनच दावतो," म्हणत तिप्पण्णानं माझी वायर स्पीकरच्या पेटीला जोडली. ही पेटी एरवी नागप्पाकडे तालमीच्या खोलीत असायची. दुरुस्तीसाठी आदल्या दिवशीच घरी आली होती आणि तिप्पण्णानं ती सकाळीच ठीक केली होती. तिप्पण्णाची आई चंद्रव्वा तिला टेकून वाती वळत बसली होती. बावीस वर्षं गिरणीत मागांवर काम करून तिचे कान पार गेले होते. लेक काय वाजवतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पहिला सूर निघाला आणि तिचे हात थांबले. तिनं तळवा पेटीवर ठेवला आणि अख्खं गाणं तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "ब्येस हाय. पर दर चौथ्या खेपेला घाई करतोस की. मागावर असतास तर सूत तुटलं असतं."

नागप्पा हसला. तरी टाळी धरून त्यानं तेच पुन्हा वाजवायला लावलं. चौथ्या खेपेला तिप्पण्णा खरंच पुढे पळाला. दोन वर्षं शेजारी उभं राहूनही नागप्पाला ते उमगलं नव्हतं. चंद्रव्वा मात्र गिरणीत मागाचा बिघाड जमिनीच्या थरथरीवरून ओळखायची, तिच्या हातून ही चूक कशी सुटेल?

"थांबलास का? वाजव की," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

नागप्पानं चहा संपवला. अकॉर्डियनचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "तिप्पण्णा, गुरुवारी तालमीला तुझ्या अव्वांना घेऊन ये."

त्याला आता तीन वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एक खुंटी सैल झालीय, आणि कर्ण्यातून मी अजूनही ऐकू येत नाही. दर गुरुवारी चंद्रव्वा पेटीला पाठ लावून बसते आणि लेकाची घाई झाली की पेटीवर चापट मारते. तेवढ्यासाठी मी आठवडाभर वाट बघते.

लोकहो, अकॉर्डियन आणायचं तर खुशाल आणा, माझी ना नाही. पण या बाईच्या पाठीपर्यंत पोचेल असा सूर त्याच्याकडे नसेल, तर मला इथंच राहू द्या.